खेळाच्या जोरावर कॉलेज : आठवीपासून बारावीपर्यंत काय करावे लागते



१ जून ते ३१ जुलै हे मासेमारी बंदीचे ६१ दिवस. होड्या वर काढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला घेतलेली असतात. नेमके ह्याच दिवसांत मुलांचे अकरावीचे आणि कॉलेजचे प्रवेश चालतात आणि सोसायटीच्या ऑफिसात एक प्रश्न दरवर्षी येतो. "आमचो झील फुटबॉल बरो खेळता. खेळावर कॉलेजात स्कॉलरशिप मिळात काय?" कोणाची मुलगी धावण्यात तालुक्यात पहिली आलेली असते, कोणाची कबड्डीत असते. हरमल-केरीपासून डिचोलीच्या नदीकाठापर्यंत सगळीकडून विचारणा होते.

उत्तर असे की मिळू शकते. पण बारावीचा निकाल हातात आल्यावर विचारले तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ह्या वाटेची सुरुवात आठवीत करावी लागते. म्हणून हा लेख बारावीच्या पालकांपेक्षा आठवी-नववीच्या पालकांनी जास्त लक्ष देऊन वाचावा.

१) स्कॉलरशिप म्हणजे नक्की काय मिळते?

आपल्याकडे "स्कॉलरशिप" हा एकच शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात. त्या आधी वेगळ्या करूया.

पहिली गोष्ट म्हणजे गुण. दहावी-बारावीला गोवा बोर्डात खेळाडूंना क्रीडा गुण मिळतात. दरवर्षी निकाल लागतो तेव्हा किती मुले ह्या गुणांच्या आधाराने पास झाली तेही बोर्ड सांगते. हा मोठा आधार आहे, पण ही स्कॉलरशिप नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे सीट, म्हणजेच स्पोर्ट्स कोटा. दिल्ली विद्यापीठात खेळाडूंसाठी वेगळ्या जादा जागा असतात. त्यासाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, मैदानावर ट्रायल होते आणि प्रमाणपत्रे तपासतात. तिन्ही मिळून यादी लागते. आयआयटी मद्रासनेही २०२४-२५ पासून पदवीच्या प्रत्येक शाखेत खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यांतली एक फक्त मुलींसाठी. मात्र तिथे जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव यावे लागते आणि मागच्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर निदान एक पदक असावे लागते. सीट मिळाली म्हणजे फी माफ झाली असे नाही. फीचे वेगळे विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट म्हणजे फी-माफी आणि हॉस्टेल. काही विद्यापीठे, खासकरून खासगी विद्यापीठे, चांगल्या खेळाडूची फी पूर्ण किंवा अर्धी सोडतात, राहणे-जेवण देतात. खऱ्या अर्थाने कॉलेजची स्पोर्ट्स स्कॉलरशिप म्हणतात ती ही.

चौथी गोष्ट म्हणजे हातात पैसे. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये खर्च धरलेला आहे. पण हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. त्यातले बहुतेक पैसे प्रशिक्षण, राहणे, आहार, शिक्षण आणि स्पर्धांसाठी अकादमीमार्फत खर्च होतात. खेळाडूच्या खात्यावर येतात ते वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १०,००० रुपये. तरीसुद्धा आपल्यासारख्या घरातल्या मुलाला महिन्याला दहा हजार आणि शिकण्याची सोय म्हणजे काय, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

२) कॉलेज आपल्या मुलाला पैसे का देईल?

हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. कॉलेज दया म्हणून काही देत नाही. विद्यापीठांच्या आपसांत स्पर्धा असतात. भारतीय विद्यापीठ संघ ह्या आंतरविद्यापीठ स्पर्धा भरवतो आणि खेळांत सर्वांत चांगली कामगिरी करणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी मिळते. ही ट्रॉफी १९५६-५७ पासून चालू आहे. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने ती वीसपेक्षा जास्त वेळा घेतली आहे. २०२० मध्ये भुवनेश्वरला खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्यापासून ही चुरस आणखी वाढली. विद्यापीठाला पदके पाहिजेत, नाव पाहिजे. म्हणून ते खेळाडू शोधतात.

पावणीला बसलेला व्यापारी पाटीत हात घालून मासळी बघितल्याशिवाय बोली लावत नाही. तसेच हे. "आमचा मुलगा फार चांगला खेळतो" ह्यावर कोणी बोली लावणार नाही. त्यांना दाखवायला काय आहे? तीन गोष्टी: कुठल्या पातळीपर्यंत खेळला, त्याचे कागद आणि अभ्यासाचे गुण. तिन्हींपैकी एक कमी पडली तरी काम अडते.

३) शिडी कशी चढायची?

शालेय स्पर्धा तीन वयोगटांत होतात: १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील आणि १९ वर्षांखालील. गोव्यात क्रीडा व युवा व्यवहार संचालनालय त्या भरवते. शाळा, तालुका, मग राज्य आणि राज्याच्या संघात निवड झाली की राष्ट्रीय शालेय स्पर्धा. फुटबॉलवाल्यांसाठी १९६० पासून चालणारी सुब्रतो कप स्पर्धाही आहे. तिथे शाळेचा संघ तालुक्यापासून जिंकत जिंकत थेट राष्ट्रीय पातळीवर जाऊ शकतो.

दुसरी शिडी म्हणजे त्या त्या खेळाच्या संघटनेची. फुटबॉल, ॲथलेटिक्स, जलतरण, कबड्डी, प्रत्येक खेळाची राज्य संघटना असते. तिच्या सब-ज्युनियर, ज्युनियर स्पर्धा असतात आणि ती राष्ट्रीय महासंघाला जोडलेली असते. मुलाने दोन्ही शिड्यांवर पाय ठेवावा. नुसता शाळेतून खेळला तर खुल्या स्पर्धेतली पात्रता दिसत नाही. नुसता गावच्या क्लबातून खेळला तर कागद कमी पडतात.

गावच्या टुर्नामेंटविषयी स्पष्ट बोलायला पाहिजे. जत्रेच्या, शिमग्याच्या दिवसांतल्या रोख बक्षिसाच्या स्पर्धा आम्हालाही आवडतात. तिथे खेळून धीर येतो, चार पैसे सुटतात. पण प्रवेशाच्या वेळी त्या कपाला किंमत नसते. तालुक्याच्या शालेय सामन्याच्या दिवशी मुलगा गावच्या फायनलला गेला तर त्या दिवशी वरच्या पातळीवर जाण्याची संधी गेली.

४) कुठल्या इयत्तेत काय करायचे?

आठवी: खेळ कोणता ते ठरवा. चार खेळ खेळू द्या, पण एकात तरी तालुक्याच्या पुढे जाण्याचा प्रयत्न हवा. स्पोर्ट्स ॲथॉरिटी ऑफ गोवाचे प्रशिक्षक कुठे येतात ते शाळेच्या पीटीच्या सरांना किंवा टीचरना विचारा. म्हापशाला पेडे क्रीडा संकुल आणि पणजीला कांपालचा जलतरण तलाव आहे. रोज जमणार नाही, पण सुट्टीतली शिबिरे जमतात.

नववी: ट्रायल सोडू नका. निवासी अकादमीचा विचार करायचा तर हेच वय. फुटबॉलसाठी १९९९ साली सुरू झालेली सेसा फुटबॉल अकादमी गोव्यातच आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रे देशभर आहेत. तिथे निवड झाली की राहणे, जेवण, प्रशिक्षण आणि शिक्षण ह्यांची सोय होते.

दहावी: खेळ बंद करू नका. "बोर्डाचे वर्ष आहे, आता बूट माळ्यावर" असे आपल्या बहुतेक घरांत होते. दोन वर्षे खंड पडला की बारावीला दाखवायला ताजे प्रमाणपत्र राहत नाही. बरीच कॉलेजे मागच्या तीन-चार वर्षांतलीच प्रमाणपत्रे धरतात. सातवीतले सुवर्णपदक बारावीनंतर शोभेचे राहते. सराव कमी करा, पण निवड स्पर्धा खेळा. क्रीडा गुणांसाठी लागणारे कागद शाळेकडे वेळेत गेले का, ते स्वतः जाऊन विचारा.

अकरावी: हे सगळ्यांत महत्त्वाचे वर्ष. १९ वर्षांखालील गटात राज्य संघात येण्याचा पूर्ण प्रयत्न हवा. हायर सेकंडरी निवडताना तिथे संघ आहे का, मैदान आहे का, सामन्यांना जाणाऱ्या मुलांना सांभाळून घेतात का, हे पाहा. पाच-सात कॉलेजांची नावे काढून त्यांचे मागच्या वर्षीचे माहितीपत्रक वाचा.

बारावी: प्रवेश परीक्षेचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरायचे असतात. सीयूईटीचा अर्ज राहिला तर मैदानावर कितीही चांगला असला तरी दिल्लीची वाट बंद. ट्रायल बहुधा पावसाळ्यात असतात, म्हणजे आपल्या बंदीच्या दिवसांत. बापाला मुलासोबत जाता येते, ही आपल्याला असलेली एक सोय समजा.

५) फाईल

होडीचे रजिस्ट्रेशन, लायसन, इन्शुरन्स, सबसिडीचे कागद आपण प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो. एक कागद कमी असला तर काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. तशीच एक फाईल मुलाच्या नावाने करा. तिच्यात हे असावे:

• जन्मदाखला. वयाच्या बाबतीत लबाडी अजिबात नको. आता हाडांची तपासणी करून वय काढतात. पकडले गेल्यावर खेळायला बंदी येते आणि पुढची सगळी दारे बंद होतात.
• आधार कार्ड, रेसिडन्स सर्टिफिकेट, असल्यास जातीचा दाखला.
• प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र. स्पर्धेचे नाव, भरवणारी संस्था, तारीख, वयोगट आणि मिळालेला क्रमांक त्यावर स्पष्ट आहे का ते तिथेच बघून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी फेऱ्या मारणे फार कठीण.
• संघनिवडीचे पत्र, वर्तमानपत्रातले कात्रण, सामन्याची व्हिडिओ क्लिप. क्लिप तीन-चार मिनिटांची पुरे. गाणी-बिणी घालू नका, खेळ दिसला पाहिजे.
• दरवर्षीची गुणपत्रिका.

सगळ्यांचे फोटो काढून मोबाईलवर आणि ईमेलवरही ठेवा. राष्ट्रीय महासंघांची प्रमाणपत्रे आता डिजिलॉकरवर येऊ लागली आहेत, त्यासाठी मुलाचे खाते उघडून ठेवा.

नावाची गोष्ट वेगळी सांगतो. आपल्याकडे जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरे, आधारवर स्पेलिंग तिसरे, असे फार आहे. कुठे आडनाव गावाचे, कुठे कुळाचे. प्रमाणपत्रावरचे नाव आणि जन्मदाखल्यावरचे नाव जुळले नाही तर पदक तुमच्याच मुलाचे हे सिद्ध करत बसावे लागते. नावदुरुस्ती एका दिवसाचे काम नव्हे. ती आठवी-नववीतच उरकून घ्या.

६) आपल्या मुलांना पाणी ठाऊक आहे

गोव्यात खेळ म्हटला की फुटबॉल आणि क्रिकेट. तिथे गर्दीही तेवढीच. पण पाण्यातल्या खेळांत देशभर मुले कमी आहेत. रोइंग, कनोइंग, कयाकिंग, शिडाच्या होडीची शर्यत, समुद्रातले पोहणे. शापोऱ्याच्या आणि तेरेखोलच्या काठावर वाढलेल्या मुलाला वारा, भरती-ओहोटी, वल्हे हे शिकवावे लागत नाही. अर्थात होडी वल्हवता येते म्हणजे रोइंग येते असे नाही. ती होडी वेगळी, बसणे वेगळे, शिकावेच लागते. पण पाण्याची भीती नसणे ही मोठी शिदोरी आहे.

दत्तू भोकनळ ह्यांचे उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले, दुष्काळी भागातले, मजुरी केलेले. सैन्यात भरती झाल्यावर रोइंग शिकले, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे वल्हे मारले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक मिळवले. जिथे नदी उन्हाळ्यात आटते तिथला माणूस हे करू शकला. आपल्या दारात तर बारमाही पाणी आहे.

सरकारचेही लक्ष आता ह्या खेळांकडे वळले आहे. २०२५ च्या मे महिन्यात दीवला पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्स झाल्या. त्यांत समुद्री पोहणे आणि बीच सॉकर होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात खेलो इंडियाचा जलक्रीडा महोत्सव झाला. क्रीडा प्राधिकरणाची केरळात अलप्पुळा आणि ओडिशात जगतपूर इथे वल्ह्याच्या खेळांची केंद्रे आहेत. नौदल आणि लष्करही लहान वयात मुले निवडून शिक्षणासह तयार करतात. त्यांच्या जाहिराती बघत राहा.

७) परदेशाची वाट

अमेरिकेत शिकण्याची पूर्ण स्कॉलरशिप मिळवून देतो असे सांगणारे एजंट हल्ली फोन करतात. म्हणून खरे काय ते लिहितो. अशी वाट आहे. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले टेनिसच्या जोरावर अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकल्या, तिथल्या संघातून खेळल्या आणि पुढे हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीत सुवर्णपदक मिळवले. दिल्लीचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर २०१७ मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला आणि तिथला राष्ट्रीय कॉलेज विजेता झाला. पण हे दोघेही जाण्याआधीच देशातल्या अव्वल खेळाडूंत होते.

तिथल्या कॉलेज खेळांची मोठी संस्था एनसीएए. तिचे तीन विभाग आहेत. पहिल्या दोन विभागांतली कॉलेजे खेळासाठी स्कॉलरशिप देऊ शकतात, तिसऱ्या विभागातली देत नाहीत. बऱ्याच खेळाडूंना मिळणारी रक्कम अर्धी किंवा त्याहून कमी असते. उरलेला खर्च घरून. क्रिकेट त्यांत नाहीच. नववी ते बारावी ह्या चारही वर्षांचे गुण ते बघतात, ठरलेल्या १६ विषय-घटकांत पास असावे लागते, आणि इंग्रजी आलेच पाहिजे. एक गोष्ट मुलींसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलींचे रोइंग १९९७ पासून एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत आहे आणि त्यासाठी कॉलेजांना मोठा संघ लागतो.

एजंटला पैसे देण्याआधी मुलाच्या प्रशिक्षकाकडून कॉलेजच्या कोचला सरळ ईमेल लिहून घ्या. व्हिडिओ आणि वेळ-अंतराची नोंद जोडा. ह्याला खर्च शून्य.

८) फसवणूक ओळखा

आमच्या ओळखीतल्या एका घराने मुलीला "आंतरराष्ट्रीय" स्पर्धेला शेजारच्या देशात पाठवले. पैसे भरले, मुलगी पदक घेऊन आली, वाड्यावर फटाके वाजले. प्रवेशाच्या वेळी कॉलेजने ते प्रमाणपत्र बाजूला ठेवले. स्पर्धा भरवणारी संस्था केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने मान्यता दिलेल्या महासंघाशी जोडलेली नव्हती. मुलीचा खेळ खरा होता, घाम खरा होता. फक्त ती शिडी भिंतीला टेकलेली नव्हती.

म्हणून कुठल्याही स्पर्धेचे पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. भरवणारी संस्था कोणत्या महासंघाला जोडलेली आहे? निवड चाचणी होते की पैसे भरणारा प्रत्येक जण जातो? मागच्या वर्षीच्या प्रमाणपत्रावर कोणाला कुठे प्रवेश मिळाला? उत्तर गोलगोल आले तर पैसे परत खिशात.

९) अभ्यास सोडून चालणार नाही

एक पाय मोडला, गुडघा दुखावला की खेळाची वाट संपू शकते. म्हणून दोन नांगर हवेत. शिखा पांडे ह्यांनी फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, हवाई दलात अधिकारी झाल्या आणि २०१४ मध्ये भारताकडून क्रिकेट खेळल्या. एकासाठी दुसरे सोडले नाही.

आणि स्कॉलरशिप नाही मिळाली तरी शिक्षण थांबवू नका. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. खेळात रस असलेल्याला शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शिक्षक किंवा प्रशिक्षक होता येते. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून हेच शिकवते.

मुलींच्या आई-वडिलांना एक विनंती. दहावीनंतर मुलाचा खेळ अभ्यासामुळे थांबतो, मुलीचा मात्र "आता मोठी झाली" म्हणून थांबतो. मुलींच्या गटात बऱ्याच खेळांत स्पर्धक कमी असतात, म्हणजे राज्य संघात येण्याची संधी जास्त असते. संध्याकाळी सरावावरून घरी यायला बस नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून गाडी करा. एकीची अडचण तिघींनी वाटून घेतली की हलकी होते.

बंदीच्या ह्या दिवसांत जाळ्याची भोके शिवता शिवता मुलाच्या फाईलमधली भोकेही बघून घ्या. कुठला कागद नाही, कुठले नाव जुळत नाही, ते कळले तरी अर्धे काम झाले. अर्ज भरताना अडचण आली तर कामाच्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात या. येताना मुलाला किंवा मुलीलाही घेऊन या, कारण अर्ज त्यांनी स्वतः वाचून भरलेला बरा. आम्ही बाजूला बसू.

ही पोस्ट आपल्या वाड्यावरच्या आठवी-नववीतल्या मुलांच्या घरी अवश्य पोचवा.